‘आमच्याकडे हे चालतं’ म्हटलं की सुटका होते का?

२९ नोव्हेंबर २०२०. साउदॅम्प्टनच्या मैदानावर मध्यंतराला मँचेस्टर युनायटेड दोन गोलांनी मागे होती. उत्तरार्धात एडिन्सन कवानी हा उरुग्वेचा खेळाडू बदली म्हणून उतरला. त्यानं एक गोल करून दिला, दोन स्वतः मारले, त्यातला शेवटचा तर नव्वद मिनिटं उलटून गेल्यावर. सामना ३-२ असा फिरला. त्या रात्री एका मित्रानं इन्स्टाग्रामवर कौतुक केलं आणि कवानीनं दोन शब्दांत आभार मानले: ‘ग्रासियास, नेग्रितो’.

‘नेग्रो’ म्हणजे काळा. त्याला ‘इतो’ जोडलं की शब्द लाडाचा होतो, आपण बाळूचं ‘बाळ्या’ करतो तसा. उरुग्वेत आणि आसपासच्या देशांत मित्र मित्राला, बायको नवऱ्याला, आई लेकराला असं म्हणते, आणि समोरच्याचा रंग काळा असलाच पाहिजे असंही नाही. पण पोस्ट इंग्लंडमधून झाली होती आणि वाचणारे जगभरातले होते. सकाळपर्यंत कवानीनं ती काढून टाकली, माफी मागितली. तरी महिन्याभरानं इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं निकाल दिला: तीन सामन्यांची बंदी, एक लाख पौंडांचा दंड आणि सक्तीचं प्रशिक्षण. उरुग्वेच्या भाषा अकादमीनं रीतसर निषेध नोंदवला. असोसिएशनला ना आमची भाषा कळते ना आमची संस्कृती, असा तिचा सूर होता. कवानीनं शिक्षा मान्य केली, मत मात्र मान्य केलं नाही.

गंमत अशी, की त्याच असोसिएशनचे अध्यक्ष ग्रेग क्लार्क यांना त्याच नोव्हेंबरच्या १० तारखेला राजीनामा द्यावा लागला होता. ब्रिटिश संसदेच्या समितीसमोर बोलताना त्यांनी कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी ‘कलर्ड’ हा शब्द वापरला. तिथंच कुणीतरी टोकल्यावर त्यांनी माफी मागितली आणि सांगितलं, की अमेरिकेत बरीच वर्षं काम केलंय, तिथं वेगळा शब्द वापरावा लागायचा, म्हणून कधी कधी जीभ अडखळते. म्हणजे ‘दुसऱ्या देशातली सवय’ हाच बचाव, फक्त या वेळी तो खुद्द अध्यक्षांच्या तोंडी होता. तोही चालला नाही. आणि हाच ‘कलर्ड’ शब्द दक्षिण आफ्रिकेच्या जनगणनेत आजही एका समाजाचं अधिकृत नाव आहे. लाखो लोक स्वतःची ओळख त्याच शब्दानं सांगतात.

तर प्रश्न असा, की एखाद्याला खरंच माहीत नसेल, त्याच्या देशात ते खरंच चालत असेल, तर वांशिक अपमानाचा दोष त्याच्या माथी मारायचा का?

या प्रश्नावर वाद घालणारे बहुतेक वेळा तीन वेगळे प्रश्न एकात कालवतात. ऐकणाऱ्याला लागलं का, हा पहिला. बोलणाऱ्याचा दोष किती, हा दुसरा. आणि शिक्षा काय, हा तिसरा. ‘मला माहीत नव्हतं’ या वाक्याचा पहिल्या प्रश्नाशी काही संबंध नाही. जे लागलं ते लागलं. तिसऱ्यावर त्याचा थोडाफार परिणाम होतो. खरा कस लागतो तो दुसऱ्यावर. मला वाटतं, अजाणतेपणानं दोष कमी होऊ शकतो, अगदी शून्यावरही येऊ शकतो, पण ते फुकटात होत नाही. ‘माहीत नव्हतं’ म्हटल्यावर पुढं दोन गोष्टी तपासाव्याच लागतात: माहीत करून घेणं शक्य होतं का, आणि कळल्यावर माणूस कसा वागला.

कायद्याचीही इथं दोन तोंडं आहेत. गुन्हेगारी कायदा साधारणपणे मनात काय होतं ते विचारतो. आपल्याकडचा १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा घ्या. चारचौघांत अपमान केल्याबद्दल शिक्षा सांगताना तो ‘हेतुपुरस्सर’ आणि ‘मानहानी करण्याच्या उद्देशानं’ असे शब्द वापरतो. हेतू सिद्ध झाला नाही, तर त्या कलमाखालचा गुन्हाही उभा राहत नाही. ब्रिटनचा २०१० चा समानता कायदा मात्र वेगळ्या वाटेनं जातो. कामाच्या ठिकाणच्या छळाची व्याख्या करताना तो ‘हेतू किंवा परिणाम’ असं म्हणतो. त्या ‘किंवा’त सगळं आलं. तुमच्या मनात काहीही नसेल, पण तुमच्या वागण्यानं समोरच्याची प्रतिष्ठा दुखावली, तर तो छळ ठरू शकतो. मात्र त्याला एक अटही घातलेली आहे: त्या परिस्थितीत तसं वाटणं वाजवी होतं का, हे न्यायाधीश बघतात. ऑस्ट्रेलियाच्या वांशिक भेदभावविरोधी कायद्यातलं १८ सी हे कलमही असंच, ‘सर्व परिस्थिती पाहता दुखावण्याची वाजवी शक्यता’ मोजणारं.

हा फरक विसंगतीतून आलेला नाही. तुरुंगात टाकायचं असेल तर मनातलं पाप दाखवावं लागतं. कामाची जागा सगळ्यांना राहण्याजोगी करायची असेल तर परिणाम बघावा लागतो. कवानीवर खटला भरला नव्हता, शिस्तभंगाची कारवाई होती. असोसिएशनच्या नियमात शब्द वस्तुनिष्ठपणे अपमानकारक आहे का, एवढंच आधी बघतात. हेतू येतो तो शिक्षा ठरवताना. तो माणूस वर्णद्वेष्टा आहे, असं त्या निकालानं म्हटलेलंच नव्हतं. बातम्या वाचणाऱ्यांना मात्र तसंच ऐकू येतं, आणि मग एक देश दुसऱ्या देशावर चिडतो.

माझं मत विचाराल तर कवानीला समज देऊन सोडायला हवं होतं. ज्याला उद्देशून शब्द होता तो मित्र, शब्द लाडाचा, भाषा त्यांची दोघांची.

पण हाच शब्द नऊ वर्षं आधी इंग्लंडमध्येच एका वेगळ्या प्रकरणात आला होता, आणि तिथं मी असोसिएशनच्या बाजूनं आहे. १५ ऑक्टोबर २०११, लिव्हरपूल विरुद्ध मँचेस्टर युनायटेड. लुइस सुआरेझ, हाही उरुग्वेचा. समोर पॅट्रिस एव्हरा, फ्रान्सचा कृष्णवर्णीय बचावपटू. कॉर्नरच्या वेळी गोलपोस्टजवळ दोघांची जुंपली. एव्हराचं म्हणणं, सुआरेझ मला पुन्हा पुन्हा ‘नेग्रो’ म्हणाला. सुआरेझचं म्हणणं, एकदाच म्हणालो, आणि तेही आमच्याकडे म्हणतात तसं, सलोख्यानं.

चौकशी आयोगाचा निकाल ११५ पानांचा आहे. लॅटिन अमेरिकेच्या भाषा आणि समाजाचा अभ्यास असलेल्या मँचेस्टर विद्यापीठातल्या दोन तज्ज्ञांचं मत आयोगानं विचारात घेतलं. म्हणजे ‘आमच्याकडे चालतं’ हा दावा झटकून टाकला नाही, तो नीट तपासला. तज्ज्ञांचं उत्तर मोठं नेमकं होतं. सुआरेझ सांगतो तसा शब्द वापरला असेल तर उरुग्वेत कुणाला काही वाटणार नाही. एव्हरा सांगतो तसा वापरला असेल तर तो उरुग्वेतही अपमानच. मग आयोगानं बघितलं, की त्या क्षणी दोघं काय करत होते. भांडत होते. सुआरेझनं एव्हराच्या हाताला चिमटाही काढला होता. तो वातावरण निवळावं म्हणून काढला, हे त्याचं म्हणणं उलटतपासणीत टिकलं नाही. शब्द सात वेळा वापरला गेला, असा निष्कर्ष निघाला. आठ सामन्यांची बंदी आणि ४० हजार पौंड दंड.

संस्कृतीचा हवाला देणाऱ्याला त्याच्याच संस्कृतीच्या मापानं मोजायचं, ही पद्धत मला फार आवडते. कारण कुठल्याही समाजात लाडाचा शब्द भांडणात लाडाचा राहत नाही. हे समजायला परदेशी तज्ज्ञ लागत नाही, कुठल्याही आईला विचारा.

२००७ च्या ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियाचा संघ भारतात असताना वानखेडेवर प्रेक्षकांतल्या काहींनी अँड्र्यू सायमंड्स या कॅरिबियन वंशाच्या ऑस्ट्रेलियन खेळाडूकडे बघून माकडासारखे हावभाव केले. फोटो छापून आले, चौघांवर कारवाई झाली. तेव्हा एक युक्तिवाद जोरात होता: आम्ही मारुतीला पूजतो, मग माकड म्हणणं हा आमच्या लेखी अपमान कसा? वानखेडेवर त्या दिवशी कुणी आरती म्हणत नव्हतं, एवढंच त्यावर माझं उत्तर.

‘माहीत होतं का?’ याचं उत्तर कधी कधी माणूस स्वतःच देऊन टाकतो. २०१७ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलमधली सर्वात मोठी अंतिम मालिका. ह्यूस्टनच्या युली गुरिएलनं चेंडू फेकणाऱ्या जपानी पिचरला, यू दारविशला, होमरन ठोकला. परत येऊन बाकावर बसल्यावर त्यानं बोटांनी डोळ्यांच्या कडा ओढल्या आणि ‘चिनितो’ असं काहीतरी पुटपुटला. कॅमेऱ्यानं ते टिपलं. गुरिएल क्यूबाचा. तो म्हणाला, आमच्याकडे सगळ्याच आशियाई लोकांना चिनी म्हणतात. आणि लगेच पुढं कबूलही करून टाकलं, की मी जपानमध्ये खेळलोय, तिथं हे लागतं हे मला ठाऊक आहे. खरंच तो २०१४ मध्ये योकोहामाच्या संघात होता. पुढच्या हंगामाच्या सुरुवातीचे पाच सामने त्याला बिनपगारी बाहेर बसवलं. दारविशनं मात्र मोठ्या मनानं लिहिलं, की कुणीच परिपूर्ण नसतं, यातून शिकूया.

जस्टिन ट्रुडोंचं प्रकरण याहून सोपं. २००१ मधल्या ‘अरेबियन नाइट्स’ पार्टीत, ते शिकवत होते त्या व्हँकुव्हरच्या शाळेत, त्यांनी तोंड-हात काळपट रंगवून पगडी घातली होती. फोटो बाहेर आला तो २०१९ च्या निवडणुकीत, ते कॅनडाचे पंतप्रधान असताना. तेव्हा मला कळायला हवं होतं, पण कळलं नाही, असं ते म्हणाले. वय २९, पेशानं शिक्षक, बाप पंतप्रधान राहिलेला. ‘कळायला हवं होतं’ हे त्यांचं वाक्य खरं, आणि तिथंच बचाव संपतो.

आता सगळ्यात जोरकस वाटणारा बचाव: ‘तो तुमचा इतिहास आहे, आमचा नाही.’

गोऱ्या माणसानं तोंडाला काळं फासून काळ्या माणसाची नक्कल करायची, हा प्रकार अमेरिकेत १८३० च्या दशकात लोकप्रिय झाला. जळक्या बुचाची काजळी तोंडाला, ओठ भलेमोठे रंगवलेले, आणि काळा माणूस म्हणजे आळशी, मूर्ख, नाचरा. गुलामगिरी चालू असताना तिकीट काढून लोक हे बघायला जायचे. म्हणून अमेरिकेत आजही तोंडाला काळा रंग लावला की नुसता रंग दिसत नाही, तो सगळा तमाशा दिसतो. मग ३१ डिसेंबर २०१७ ला जपानच्या एका अतिलोकप्रिय विनोदी कार्यक्रमात एक नट एडी मर्फी बनून काळ्या रंगात अवतरला आणि टीका झाली, तेव्हा बऱ्याच जपानी प्रेक्षकांचं म्हणणं होतं, की जपानला या भानगडीशी काय देणंघेणं? आमच्यासाठी ती नुसती रंगभूषा.

ऐकायला पटतं. पण १८५४ मध्ये अमेरिकन नौदलाचा कमोडोर पेरी जपानला व्यापारासाठी बंदरं उघडायला लावायला गेला होता. ‘पौहॅटन’ या जहाजावर त्यानं जपानी अधिकाऱ्यांना मेजवानी दिली आणि करमणुकीला काय ठेवलं? तोंडाला काळं फासलेल्या खलाशांचा हाच खेळ. अमेरिकेशी औपचारिक ओळख होता होताच जपानी अधिकाऱ्यांनी तो पाहिला. म्हणजे २०१७ च्या प्रेक्षकाला हे ठाऊक नसणं प्रामाणिक असू शकतं, पण तो इतिहास जपानच्या किनाऱ्याला लागलाच नाही, हे खरं नाही. असे खेळ ब्रिटनमध्येही रुजले, ऑस्ट्रेलियातही. बीबीसीनं तसला कार्यक्रम १९५८ पासून १९७८ पर्यंत चालवला. त्यामुळे २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन टीव्हीवर काही जणांनी काळं फासून मायकल जॅक्सनच्या भावंडांची नक्कल केली, आणि परीक्षक म्हणून बसलेला अमेरिकन गायक हॅरी कॉनिक ज्युनियर यानं शून्य गुण दिले, तेव्हा ‘हा अमेरिकन लोकांचा हळवेपणा’ म्हणणं जरा सोयीचंच होतं.

नेदरलँड्समध्ये दर डिसेंबरात संत निकोलसाबरोबर येणारा ‘झ्वार्ते पीत’, म्हणजे काळा पीट, हे तर पुरतं घरचंच प्रकरण. पांढऱ्या माणसांनी तोंड काळं, ओठ लाल, डोक्यावर कुरळा टोप. तो धुराड्यातून उतरतो, म्हणून काजळीनं काळा झालाय, असं मुलांना सांगतात. काजळीनं केस कुरळे होत नाहीत, हे पोरांनाही कळत असणार. १८५० च्या एका बालपुस्तकातून संताचा हा काळा नोकर रूढ झाला, आणि डच वसाहतींतली गुलामगिरी संपली १८६३ मध्ये. विरोध कित्येक दशकं होत होता. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वांशिक भेदभावविरोधी समितीनंही या पात्राचं रूप बदलायला सांगितलं. तेव्हाचे पंतप्रधान मार्क रुटे आधी ‘काळा पीट काळाच असणार’ अशा थाटात बोलायचे. २०२० मध्ये त्यांनी सांगितलं, की आपलं मत बदललंय. त्यांना लहान मुलांनी सांगितलं होतं, की काळ्या पीटमुळे आम्हाला भेदभाव झाल्यासारखं वाटतं. सांगणारे शेजारचेच होते, सात समुद्रापलीकडचे नव्हते. आता बऱ्याच शहरांत गालावर काजळीचे दोन-चार फटकारे मारलेला पीट फिरतो.

एक टूथपेस्टही आहे, पूर्व आशियात खूप खपणारी. तिच्यावर पूर्वी टोपीवाल्या हसऱ्या काळ्या माणसाचं चित्र असायचं. तिचं इंग्रजी नाव ‘डार्की’ होतं. टीका झाल्यावर १९८९ मध्ये एक अक्षर बदलून ‘डार्ली’ केलं. चिनी नाव मात्र तसंच राहिलं: ‘काळ्या माणसाची टूथपेस्ट’. ते बदललं २०२२ मध्ये. मधल्या ३३ वर्षांत कंपनीला काय माहीत नव्हतं, हे कुणी तरी सांगावं.

हे सगळं वाचून असं वाटू शकतं, की दुखावला गेलेला नेहमी बरोबरच असतो. तसं नाही. अज्ञान ऐकणाऱ्याच्या बाजूलाही असतं. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात एक प्राध्यापक ऑनलाइन तासाला शिकवत होते, की बोलताना मध्येच भरीला येणारे शब्द प्रत्येक भाषेत वेगळे असतात. आपल्याकडे ‘म्हणजे... ते हे’ चालतं तसं चिनी माणूस ‘नेइगा, नेइगा’ म्हणतो. अर्थ नुसता ‘ते’. पण कानाला तो काळ्या लोकांसाठीच्या सर्वात घाणेरड्या इंग्रजी शिवीसारखा लागतो. काही विद्यार्थ्यांनी तक्रार केली, प्राध्यापक त्या वर्गातून बाजूला झाले. पुढं विद्यापीठालाच कबूल करावं लागलं, की त्यांनी कुठलाही नियम मोडला नव्हता. चिनी भाषा बोलणाऱ्या माजी विद्यार्थ्यांचं म्हणणं रास्त होतं: आमच्या भाषेतला रोजचा शब्द तुमच्या शिवीच्या जवळ जातो, म्हणून आम्ही गप्प बसायचं का? इथं ‘ऐकणाऱ्याला लागलं’ हे खरं असूनही बोलणाऱ्याचा दोष शून्य. ब्रिटिश कायद्यातली ती ‘वाजवी का?’ ही अट अशा प्रसंगासाठीच लागते.

याच कानाच्या गोंधळावर जानेवारी २००८ ची सिडनी कसोटी अडली होती. हरभजन सिंगनं सायमंड्सला ‘मंकी’ म्हटलं, असा आरोप. सामनाधिकाऱ्यानं तीन कसोट्यांची बंदी घातली. अपिलात भारतीय बाजूनं सांगितलं गेलं, की तो शब्द हिंदीतल्या एका आईवरच्या शिवीचा तुकडा होता. न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांना वांशिक आरोप सिद्ध झाला असं वाटलं नाही. बंदी उठली, शिवीगाळीबद्दल निम्मं मानधन कापलं. आईवरून शिवी दिली म्हणून सुटका झाली, असा बचाव क्रिकेटनं त्याआधी क्वचितच पाहिला असेल.

आणि मग डॅरेन सॅमी.

वेस्ट इंडिजचा हा तेव्हाचा कर्णधार आयपीएलमध्ये सनरायझर्स हैदराबादकडून खेळायचा. संघात त्याला आणि श्रीलंकेच्या तिसारा परेराला ‘काळू’ म्हणत. शब्द उच्चारला की सगळे हसत, म्हणून त्याला वाटायचं, काहीतरी चांगलंच असणार. ‘दणकट घोडा’ असा काहीसा अर्थ त्यानं धरला होता. जून २०२० मध्ये, अमेरिकेत पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या मृत्यूनंतर, भारतीय वंशाच्या हसन मिन्हाज या विनोदवीराचा कार्यक्रम बघताना त्याला खरा अर्थ कळला. तो संतापला. मला तसं म्हणणाऱ्यांनी फोन करावा, असं त्यानं जाहीर सांगितलं. तोवर इशांत शर्माची २०१४ ची इन्स्टाग्राम पोस्ट लोकांनी शोधून काढलीच होती. फोटोखाली सॅमीचं नाव तेच.

वरच्या बऱ्याच प्रकरणांत बोलणारा म्हणतो, ‘मला माहीत नव्हतं’. इथं बोलणाऱ्यांना शब्द पुरता माहीत होता. लहानपणापासूनचा. माहीत नव्हतं ते सॅमीला. दोघांचं हसणं एकाच शब्दावर होतं, पण एकाच गोष्टीवर नव्हतं.

काही दिवसांनी त्यांच्यापैकी एकानं फोन केला. बोलणं झाल्यावर सॅमीनं लिहिलं, की त्यानं ते प्रेमानंच म्हटलं होतं असं तो सांगतो आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे, आता लोकांना शिकवायचं कसं ते बघतोय. मला स्वतःला तो विश्वास ठेवणं जड गेलं असतं. कारण २०१४ मध्येच व्ही. व्ही. एस. लक्ष्मणला वाढदिवसाच्या शुभेच्छा देताना सॅमीनं स्वतःची आठवण करून दिली होती, ती त्याच नावानं, मोठ्या खुशीत. ते वाचलेल्यांपैकी हिंदी कळणारे पुष्कळ असणार. सहा वर्षांत त्याला अर्थ कुणी सांगितला नाही.